घरच्या पेट्यांतला मध: काढायचा कधी आणि विकायचा कसा

पेटी कशी उघडायची, धूर किती द्यायचा, जाळी कशी बांधायची हे तुम्ही कोणाच्या तरी हाताखाली शिकलात असं धरून चालतो. सुरुवात मात्र एका पेटीने करू नका, दोन ठेवा. एकीतली राणी गेली तर दुसरीतली ताजी अंडी असलेली पोळ्याची चौकट त्या पेटीला देता येते, आणि माश्या त्यातल्याच एका अंड्यातून नवी राणी वाढवतात. अंडं घातल्यापासून 16 दिवसांत नवी राणी बाहेर येते. एकच पेटी असली तर नुसतं बघत बसावं लागतं. पेटीचं तोंड माणसांच्या वाटेकडे नको, जवळपास स्वच्छ पाणी हवं, आणि मध फक्त वरच्या मधकोठीतला काढायचा. खालच्या शिशुकोठीतला मध माश्यांचा, त्याला हात लावायचा नाही.

खरी अडचण पुढे आहे, मध काढायचा कधी ही.

'चौकटी भरल्या की काढा' हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. फुलातल्या मकरंदात बहुतेक वेळा साखरेपेक्षा पाणीच जास्त असतं. माश्या तो एकमेकींना देत, कप्प्यात पसरवत आणि रात्रभर पंखांनी वारा घालत आटवतात. पाणी 18 टक्क्यांच्या आसपास उतरलं की कप्प्यावर मेणाची टोपी चढते. त्याआधी चौकट हाताला जड लागते, पण आतला मध कच्चा असतो. मधात यीस्ट असतंच. पाणी 20 टक्क्यांच्या वर असलं की ते वाढू लागतं आणि मध आंबतो. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानेही साधारण मधासाठी 20 टक्के हीच कमाल मर्यादा घातली आहे.

दुसऱ्या हंगामात मी हेच केलं. ऐन फुलोरा होता, मधकोठ्या भरल्या होत्या, पण निम्म्या कप्प्यांवर टोप्या नव्हत्या. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, आठवडाभर थांबूया." मी थांबलो नाही. दोन महिन्यांनी नेहमीच्या एक काकू बरणी घेऊन दारात आल्या. झाकण मधोमध फुगलं होतं. फिरवलं तशी आतली हवा फुस्स करून बाहेर आली, वर बोटभर फेस होता आणि वास आंबट. त्या काढणीच्या सगळ्या बरण्या आम्ही घरोघरी जाऊन परत आणल्या, पैसे परत केले. तरी दोन घरांनी पुन्हा आमच्याकडून मध घेतला नाही. ते मला अजून लागतं, कारण चूक माश्यांची नव्हती, माझ्या घाईची होती.

तेव्हापासून आमच्या घरात नियम ठरला आहे. चौकटीच्या किमान तीन-चतुर्थांश कप्प्यांवर टोपी हवी. उरलेल्या उघड्या कप्प्यांसाठी चौकट पेटीवरच आडवी धरून खाली एक जोरदार झटका द्यायचा. थेंब उडाले तर चौकट मुकाट्याने परत ठेवायची. फुलोरा जोरात असताना उघड्या कप्प्यांत त्याच दिवशी आणलेला पातळ मकरंद असतो, म्हणून ओघ ओसरल्यावर काढणी केलेली बरी.

एवढ्यावरही निर्धास्त राहू नका. हवा दमट असेल तर माश्या 20 टक्क्यांहून ओल्या मधावरही टोपी घालतात. म्हणून रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे मधात पाणी किती टक्के आहे ते दाखवणारं छोटं उपकरण, घ्या. ज्याला मध विकायचा आहे त्याने ते बरण्यांच्या आधी घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. एकाच चौकटीचा थेंब घेऊन समाधान मानू नका. काढलेला सगळा मध नीट ढवळा आणि मग मोजा. आकडा 19 च्या वर गेला तर मी तो मध विकत नाही. तो लवकर संपवण्यासाठी घरातच ठेवतो.

ओला मध तापवून पाणी उडवा, असं सांगणारे भेटतील. तसं करू नका. रंग काळवंडतो, सुगंध जातो, त्यातली विकरं (एन्झाइम्स) नष्ट होतात. ओलावा काढायचाच तर चौकटी मध काढायच्या यंत्रात घालण्याआधी काढा: चौकटी बंद खोलीत पंखा आणि हवेतला दमटपणा शोषणारं यंत्र लावून रात्रभर ठेवा. उलटही होतं. मध हवेतलं पाणी ओढतो, त्यामुळे काढणी कोरड्या दिवशी करा आणि पिंप क्षणभरही उघडं ठेवू नका.

बाकी सोपं आहे. टोप्या कापा, यंत्रात फिरवा, गाळा, दोन दिवस झाकून ठेवा, वरचा फेस काढा, कोरड्या बरण्यांत भरा.

विकताना वजनाने विका. 1 लिटरच्या भांड्यात सुमारे 1.4 किलो मध मावतो, मापाने विकलात तर हिशेब कोणालाच कळत नाही. आपल्या भागातले अन्नविक्रीचे नियम आधी विचारून घ्या. प्रत्येक काढणीला क्रमांक द्या आणि त्यातली एक बरणी घरी जपून ठेवा. तक्रार आली तर तपासायला तीच कामाला येते.

बरणीत रवा धरला की गिऱ्हाईक हमखास म्हणतं, साखर घातली आहे. न रागावता समजावून सांगा. मधातलं ग्लुकोज घट्ट होतं आणि 14 अंशांच्या आसपास ते सर्वांत लवकर घडतं. बरणी 40 अंशांपर्यंतच्या कोमट पाण्यात ठेवली की मध पुन्हा पातळ होतो. पाण्यात थेंब टाकून, काडी पेटवून, अंगठ्यावर ठेवून शुद्धता ओळखण्याचे प्रयोग दाखवू नका. साखरेचा दाट पाकही पाण्यात तसाच तळाला जातो. गिऱ्हाइकाला पेटीजवळ आणा, चौकट दाखवा, रिफ्रॅक्टोमीटरमधून बघू द्या.

लेबलवर काढणीची तारीख, क्रमांक, वजन आणि तुमचा संपर्क लिहा. कोणताही आजार बरा होतो असं लिहू नका. आणि एक ओळ ठळक अक्षरात छापाच: एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या आतड्याला ते पेलत नाहीत. बाळाला मध चाटवायला घेऊन जाणारी आजी समोर असेल तर लेबलवर विसंबू नका, बरणी देताना तोंडानेही सांगा.