पणजोबांच्या मृत्युपत्रातून नाती कशी शोधावीत

आमच्या पणजोबांचं 1938 सालचं मृत्युपत्र लोखंडी पेटीत, सातबाऱ्यांच्या खाली, लाल फडक्यात बांधलेलं होतं. घरात सगळे त्याला 'आबाजीचा कागद' म्हणायचे. कोणतं वावर कोणाच्या वाट्याला आलं, एवढंच त्यातलं सर्वांना पाठ होतं. मी तो कागद माणसं शोधायला वाचला. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या आमच्या घराण्यात तोवर कोणी न मोजलेली तीन माणसं त्यातून हाती आली. तुमच्याही घरी असा कागद असेल, तर तो कसा वाचावा ते सांगतो.

कागद मिळवणं

पेटी, देवघर, माळा, कोनाडा हे सगळं आधी बघा. कागद सापडला की घडीवर जोर देऊ नका, चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि पुढचं काम फोटोवरच करा. कागद साधा आहे, स्टॅम्प नाही, म्हणून तो खोटा समजू नका. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही.

घरी काहीच नसेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात जा. 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार मृत्युपत्रं पुस्तक क्रमांक 3 मध्ये नोंदली जातात. करणारा जिवंत असेपर्यंत नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते, तो वारल्यावर मात्र अर्ज करणाऱ्या कोणालाही मिळू शकते. या पुस्तकातला शोध निबंधकच घेतो, म्हणून अर्जात पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, गाव आणि अंदाजे साल स्पष्ट लिहा. मृत्यूचा पुरावा सोबत न्या. जिल्हा मात्र त्या काळचा धरा. वाशीम 1998 पर्यंत अकोल्यात होतं, गोंदिया 1999 पर्यंत भंडाऱ्यात, आणि गडचिरोली 1982 पर्यंत चंद्रपुरात, म्हणजे जुन्या कागदांतल्या 'चांदा' जिल्ह्यात. नोंदणी ऐच्छिक होती, त्यामुळे नोंद मिळाली नाही म्हणजे मृत्युपत्र झालंच नव्हतं, असं धरू नका. आपल्याकडे विदर्भात प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून शाबीत करून घेण्याची, सक्ती नव्हती, तेव्हा कोर्टातून सुरुवात करण्यात अर्थ नाही.

शब्द सोडवणं

एक वही घ्या. डाव्या पानावर मूळ ओळ जशीच्या तशी उतरवा, उजव्या पानावर तुमचा अर्थ लिहा. दोन्ही एकत्र केलं की पुढे आपणच फसतो. मजकूर मोडीत असेल तर मोडी वाचणाऱ्याकडून अक्षरशः लिप्यंतर करून घ्या, सारांश नको.

'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'जौजे' म्हणजे अमक्याची बायको, 'बेवा' म्हणजे विधवा. 'सा.' म्हणजे साकिन, राहणार. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. हा शब्द दिसला की ते मूल तेव्हा लहान होतं हे कळतं, आणि पालनकर्ता म्हणून कोणाचं नाव आहे त्यावरून आणखी एक नातं हाती येतं. फेरफारात, म्हणजे जमिनीचा हक्क बदलल्याच्या नोंदीत, 'ए.कु.मॅ.' दिसेल, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. ज्याच्या नावापुढे हे असतं, त्याच्या मागे धाकटे भाऊ असण्याची शक्यता मोठी.

तारीख शकात असेल तर 78 मिळवा, शके 1850 म्हणजे 1928-29. वऱ्हाडातल्या फसली सालात, म्हणजे महसुली वर्षात, 590 मिळवा, 1340 फसली म्हणजे 1930-31.

लग्नाची आणि पाटाची

इथे घाई करू नका. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याआधी एका माणसाच्या दोन बायका असणं गावात नवलाचं नव्हतं, आणि विधवेचा पाट लावण्याची, म्हणजे तिचं दुसरं लग्न लावण्याची, रीत अनेक समाजांत होती. आमच्या कागदात पणजोबांनी एका बाईला वर्षाला एक खंडी ज्वारी, दोन लुगडी आणि राहायला मागची खोली लिहून दिली आहे. घरात तिला सगळे 'मागच्या खोलीतली बुढी' म्हणून ओळखत. ती पणजोबांची पाटाची बायको होती, हे त्या ज्वारीच्या ओळीमुळे कळलं. म्हणून पोटगीची प्रत्येक ओळ नात्याची ओळ समजून वाचा. पाटाच्या बायकोसोबत पहिल्या नवऱ्याची मुलंही आलेली असू शकतात, आणि मृत्युपत्र त्यांना सरळ 'मुलगा'च म्हणतं. दत्तक मुलाचंही तेच. कोण कोणाच्या पोटचं हे कागदावरून नक्की होत नसेल, तर वंशवेलीत ती रेघ तुटक ठेवा.

चतुःसीमा वाचा

मला सगळ्यात जास्त मिळालं ते इथून. वावराच्या चारी बाजूंना कोण, हे लिहिलेला भाग लोक सोडून देतात. पण भावांची वाटणी झाली की एकाच मोठ्या वावराचे तुकडे पडतात आणि धुऱ्याला (बांधाला) धुरा लागून भाऊबंदच राहतात. आमच्या कागदात उत्तरेला एक नाव होतं, पणजोबांच्याच वडिलांचं 'वल्द' लावलेलं. तो पणजोबांचा सख्खा भाऊ निघाला. त्याची पुढची पिढी दुसऱ्या गावी राहायला गेली आणि आमच्या तोंडून त्याचं नावच गेलं होतं.

'मी भावांपासून विभक्त आहे' असं वाक्य आलं की थांबा. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याआधी एकत्र कुटुंबातला आपला हिस्सा मृत्युपत्राने देता येत नव्हता, म्हणून माणूस आधी वाटणी झाल्याचं किंवा मिळकत स्वकष्टाची असल्याचं लिहून ठेवायचा. त्या एका वाक्यातून भाऊ होते हे कळतं, आणि वाटणीचा वेगळा कागद कुठे तरी असेल असा मागही लागतो.

साक्षीदारही लिहून घ्या. 1 जानेवारी 1927 पासून हिंदूंच्या लेखी मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागू लागले. त्याआधीचा कागद साक्षीदारांशिवायही असू शकतो. साक्षीदाराच्या नावापुढचं 'सा.' गाव बघा. आमच्याकडे एक साक्षीदार वीस मैलांवरच्या गावचा होता. तो पणजीचा भाऊ निघाला आणि तिचं माहेर सापडलं.

जी नावं नाहीत ती

मृत्युपत्रात सगळी माणसं नसतात. ज्यांना काही द्यायचं होतं, तेवढीच असतात. सासरी गेलेल्या लेकी बहुतेक वेळा नसतातच. आमच्या कागदात दोन मुलगे आहेत, मुलगी एकही नाही. लेक नव्हतीच, असं घरातही सगळे धरून होते. कागद एकट्याने बोलत नाही, त्याला दुसरे कागद जोडावे लागतात.

तहसीलच्या अभिलेख कक्षातून कोतवाल बुकाची नक्कल काढा. गावातले जन्म आणि मृत्यू त्यात आहेत. मुलाचं नाव अनेकदा नसतं, बापाचं नाव आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच असतं. तलाठ्याकडून फेरफार आणि गाव नमुना 6-क मधली वारस नोंद घ्या. 1954-55 चा अधिकार अभिलेख बघा. शाळेचं दाखल खारीज रजिस्टर जन्मतारखेसाठी उपयोगी पडतं. मृत्युपत्रातला सर्वे नंबर आज सापडत नसेल, तर एकत्रीकरणात, म्हणजे विखुरलेले तुकडे जोडताना, तो बदललेला असू शकतो. भूमी अभिलेख कार्यालयात जुन्या-नव्या नंबरांचा उतारा मागा. नागपूर, वर्धा, भंडाऱ्याकडे खसरा (शेताचा) नंबर आणि मालगुजारीचे, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांचे, कागदही बघा. मालगुजारी 1951 मध्ये गेली, कागद मात्र राहिले आहेत. आईवडिलांच्या अस्थी नाशिक-त्र्यंबकेश्वरला नेल्या असतील, तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीतही तुमचं कूळ मिळू शकतं.

मग माणसांकडे जा. म्हाताऱ्या बाया आधी. बाहेर गेलेल्या लेकी आणि आत आलेल्या सुना त्यांच्या तोंडी असतात. पण जुन्या कागदाचं नाव काढलं की पहिला प्रश्न येतो, "कायले पाह्यता? वावर मांगाचं हाय का?" हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, तेव्हापासून ही धाकधूक वाढली आहे. म्हणून चहा येण्याआधीच सांगा की वंशवेल लिहायची आहे, हिस्सा मागायचा नाही. नक्कल सोबत न्या आणि त्यांच्यासमोरच मोठ्याने वाचा. हक्काचा प्रश्न खरंच असेल तर तो वकिलाकडे न्या, या बैठकीत नको.

कोतवाल बुकात पणजोबांच्या नावापुढे 1921 सालची एक 'मुलगी' होती. मी ती वंशवेलीत पेन्सिलीने लिहिली, फक्त 'मुलगी, 1921'. चुलत घराण्यातल्या नव्वदीच्या आजींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "ते मोठ्याबाची मोठी पोरगी. दिग्रसकडं देल्ली होती." मोठ्याबा म्हणजे आमचे पणजोबा. त्या गावी गेलो. तिच्या नातवाने भिंतीवरचा फोटो उतरवून हातात दिला. मागे सासरचं नाव होतं, माहेरचं नाव आजींनी सांगितलं होतंच. दोन्ही नावं पेनाने लिहिली. तुम्हीही दोन्ही लिहा. लग्नात नाव बदलायची रीत होती, आणि एकच नाव ठेवलं तर पुढचा शोधणारा तिला दोन वेगळ्या बाया समजेल.