चारही ऋतूंत आधी चर, मग खत

पाने पिवळी पडू लागली की शेतकरी सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या बाटल्या आणतो, आणि शेतातले जादा पाणी काढून देणारा बांधाकडेचा गाळाने बुजलेला चर मात्र तसाच राहतो. माझ्या पाहण्यातील बहुतेक पिके या एकाच दुर्लक्षापायी हातची गेली. मातीतील पोकळ्या पाण्याने भरल्या की एक-दोन दिवसांत मुळांभोवतीचा प्राणवायू संपतो, नत्राचा काही भाग वायुरूपाने उडून जातो, आणि फायटोफ्थोरा, पिथियम यांसारख्या मूळकूज घडवणाऱ्या बुरशीसदृश रोगजंतूंना रान मोकळे मिळते. अशा वेळी विक्रेत्याने गळ्यात मारलेले टॉनिक शोषून घ्यायला मुळे तरी कुठे शाबूत असतात?

वसंतात जमीन वरून सुकलेली दिसते, पण आत ओल असते. एक वीत खालची माती मुठीत दाबून पाहावी. गोळा बोटाने ढकलताच फुटला तर वाफसा (मशागतीला योग्य अशी ओल) आला असे समजावे, आणि चिखलासारखा चिकटून राहिला तर ट्रॅक्टर शेतात घालू नये, कारण चाकाखाली दबलेला थर पुढे वर्षभर पाणी अडवतो. इतर कामे: बीजप्रक्रिया (ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी, बियाण्याच्या किलोला 4 ते 5 ग्रॅम), पेरणी, विरळणी.

उन्हाळ्यात चर खोदावेत. त्याआधी 30 सेंमी खोल खड्डा पाण्याने भरून जिरू द्यावा आणि पुन्हा भरावा. तासाभरात पाणी 2.5 सेंमीही उतरले नाही, तर तेथे गादीवाफ्यांशिवाय लागवड करू नये. जेथे लव्हाळा माजतो, तेथे खाली पाणी तुंबलेले असते, अशी माझी अटकळ आहे, आणि ती सहसा चुकत नाही. इतर कामे: आच्छादन, निंदणी, सिंचन.

शरदात गळालेली पाने नेमकी चराच्या तोंडाशी अडकतात. मोठ्या पावसाचा अंदाज मिळताच काढणी सोडून बाकी सर्व कामे बाजूला ठेवावीत आणि त्याच दिवशी फावडे घेऊन चराची तोंडे मोकळी करावीत. पाणी काढून दिल्यावरच फळझाडांच्या बुंध्याशी 1 टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद-चुन्याचे बुरशीनाशक) ओतावे: 1 किलो मोरचूद 50 लिटर पाण्यात व 1 किलो चुना 50 लिटर पाण्यात वेगवेगळे कालवून, धातूच्या नसलेल्या भांड्यात एकत्र करावे. त्यात लोखंडी सुरी बुडवून पाहावी; पात्यावर तांबूस थर चढला, तर आणखी चुन्याची निवळी घालावी. हे घरी तयार होते, म्हणून तयार डब्यांच्या मागे लागू नये.

हिवाळ्यातील कामे: छाटणी, अवजारांची दुरुस्ती, 100 दाण्यांची उगवण चाचणी. कडाक्याच्या रात्रीआधी हलके पाणी दिल्यास ओलसर माती दिवसाची ऊब धरून ठेवते, हे खरे आहे. पण सकाळी सरीत पाणी साचलेले दिसले, तर ते लगेच चराकडे काढून द्यावे.