लाळ्या-खुरकूत: विषाणूचं कूळ ओळखा, मग सोडा कालवा

लाळ्या-खुरकूतचा विषाणू पिकोर्ना कुळातला. पिकोर्ना म्हणजे चिमुकला आरएनए विषाणू. कण जेमतेम 30 नॅनोमीटरचा. त्यावर चरबीचं वेष्टण नसतं, त्यामुळे नुसत्या साबणाने किंवा स्पिरिटने गोठा निर्धोक होत नाही. हे सगळ्या कुळाला लागू आहे. पण कुळात साठाहून अधिक प्रजाती (जीनस) आहेत आणि गोठ्यात काय फवारायचं ते प्रजातीवर ठरतं.

पोलिओ, सर्दी आणि लहान मुलांच्या हातापायांवर, तोंडात फोड आणणारे विषाणू एंटेरोव्हायरस प्रजातीतले. लाळ्या-खुरकूतचा विषाणू अ‍ॅफ्थोव्हायरस. त्यामुळे मुलाच्या तोंडात फोड दिसले म्हणून म्हशीवर संशय घेऊ नका. सर्दीचे विषाणू सोडले तर एंटेरोव्हायरस आम्लात तग धरतात. अ‍ॅफ्थोव्हायरस मात्र सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप) 6 च्या खाली गेला किंवा 9 च्या वर चढला की टिकत नाही. त्याला मारायचं ते इथेच.

हा रोग दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांना होतो: गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, शिवाय राधानगरीच्या रानातला गवाही. घोड्याला होत नाही. मेंढरांत लक्षणं इतकी सौम्य असतात की कळप निरोगी वाटतो. म्हणून पेठ वडगावच्या बाजारातून आणलेलं जनावर 21 दिवस वेगळं बांधा. ऊसतोडीला आलेल्या बैलांना आपल्या हौदावर पाणी पाजू नका.

धुण्याचा सोडा 10 लिटर पाण्यात 400 ग्रॅम, म्हणजे 4 टक्के. खायचा सोडा चालत नाही, त्याने सामू 9 च्या वर जात नाही. आधी शेण, गव्हाणीतला उरलेला चारा काढा आणि पाण्याने धुवा. शेणावरच ओतलेला सोडा वाया जातो. मग जमीन, दावण, नाली भिजवून किमान 10 मिनिटं ओली ठेवा. अ‍ॅल्युमिनियमच्या किटल्यांना सोडा खातो, त्यांना लिटरमागे 2 ग्रॅम लिंबूसत्त्व (सायट्रिक आम्ल) घालून अर्धा तास भिजू द्या. सोडा आणि लिंबूसत्त्व एकत्र मात्र कधीच करू नका. एकाने दुसऱ्याचा जोर जातो. दारातलं पाय बुडवायचं पाणी रोज बदला.

विषाणूचे सात प्रकार आहेत आणि एकाची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला कामी येत नाही. आपल्याकडच्या लसीत ओ, ए आणि एशिया-1 असतात. पहिली मात्रा चार महिन्यांच्या वासराला, महिन्याने दुसरी, पुढे दर सहा महिन्यांनी. लस 2 ते 8 अंशांत ठेवा. बर्फाला चिकटून गोठलेली बाटली टाकून द्या, कारण गोठली की तेलाचं मिश्रण फाटतं. प्रत्येक जनावराला नवी सुई. संरक्षण तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, तेव्हा ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्याआधीच टोचून घ्या.

लाळ गळायला लागण्याआधीच दुधात विषाणू येतो. आजारी गाईची धार शेवटी काढा. तिचं दूध वासराला कच्चं पाजू नका: कोवळ्या वासराच्या हृदयावर आघात होतो आणि फोड न दिसताच ते दगावतं.

फोड दिसले की जनावरांच्या दवाखान्याच्या 1962 या मदत क्रमांकावर फोन करा. नमुना डॉक्टरच घेतील: ताज्या फोडाची साल, सामू 7.2 ते 7.6 राखणाऱ्या ग्लिसरॉलच्या द्रावणात, थंड. सालीला आम्ल लागलं की विषाणू मरतो आणि प्रकार ओळखता येत नाही. म्हणून नमुना होईपर्यंत तोंडाला काही लावू नका.