पोर वाचायला लागावं म्हणून घरात काय करायचं

संध्याकाळी सोसायटीच्या बागेत बसले की हमखास कोणीतरी शेजारी येऊन टेकतं. "बाई, आमचा पाचाचा झाला, अजून वाचत नाही. कुठलं ॲप घेऊ?" जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरी शिकवली आणि आता मुलाकडे राहते, म्हणून हा प्रश्न माझ्याच वाट्याला. माझं उत्तर ठरलेलं असतं. ॲप राहू द्या. आज रात्री त्याला मांडीवर घ्या आणि एक गोष्ट वाचून दाखवा. उद्या तीच परत वाचा.

आईबापांना हे उत्तर फारसं आवडत नाही. त्यांना मुलाकडून वाचून घ्यायचं असतं, त्याला वाचून दाखवायचं नसतं. पण ज्याच्या कानावर पुस्तकातली भाषा कधी पडलीच नाही, त्याच्यापुढे अक्षरं मांडून उपयोग काय? "एकदा काय झालं", "तेवढ्यात", "बघतो तर काय" हे आपण रोजच्या बोलण्यात फार वापरत नाही, गोष्टीत वापरतो. हे शब्द कानाला सवयीचे झाले की पुढे डोळ्यांना सोपे जातात.

वाचून दाखवताना

दहा मिनिटं पुरतात, पण रोज हवीत आणि शक्यतो एकाच वेळी. आमच्याकडे जेवणं उरकली की. पुस्तक मुलाच्या समोर धरा, पानं त्याला उलटू द्या. दोन पानं एकदम उलटली तरी चालतं. मध्येच चित्रातल्या मांजरावर अडकला तर गोष्ट थांबवा आणि मांजराबद्दल बोला. तेच पुस्तक सलग पंधरवडाभर मागितलं तर कंटाळा गिळून तेच वाचा. पाठ झाल्यावर ओळीचा शेवटचा शब्द तुम्ही गाळा, तो भरतो. "आणि म्हातारी भोपळ्यात बसून म्हणाली, चल रे भोपळ्या..." इथे थांबून बघा. टुणुक टुणुक म्हटल्याशिवाय कुठलंही मूल राहत नाही.

वाचून झाल्यावर "गोष्टीतून काय शिकलास?" हे विचारू नका. हात जोडून सांगते. शाळेत पोरांना प्रश्न कमी पडत नाहीत. घरी गोष्ट संपली की संपली. त्याला काही बोलायचं असेल तर तो आपणहून बोलेल, आणि बहुतेक वेळा भलतंच बोलेल: मगरीला शेपूट किती लांब, कावळ्याचं घर वाहून गेलं तर तो आता झोपणार कुठे. तेच बोलणं हवं असतं.

आजी-आजोबांना वाचता येत नसेल तरी अडत नाही. चित्रं बघत गोष्ट रचून सांगावी. आणि तोंडी गोष्टींचा तर पहिल्या वाचनाला मोठा उपयोग आहे. तो कसा ते सांगते, कारण ही युक्ती मला सगळ्यांत जास्त आवडते.

चिऊकाऊची गोष्ट मुलाला पाठ असते. पावसात काऊचं शेणाचं घर वाहून जातं, तो दार वाजवतो आणि चिऊ दर वेळी नवी सबब सांगते. आता जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे जाड मार्करने मोठ्या अक्षरांत लिहा: "थांब, माझ्या बाळाला". मग वेगवेगळ्या पट्ट्यांवर: "अंघोळ घालते", "अंगडं घालते", "तीट लावते". गोष्ट सांगत पट्ट्या एकेक करून पुढे ठेवा आणि बोट शब्दाखालून सरकवा. मूल पाठ असलेलं म्हणतंय, वाचत नाहीये, हे खरं. पण म्हणता म्हणता त्याला दिसतं की बोललेला एक शब्द म्हणजे कागदावरचा एक घोळका, मध्ये जागा सोडून. दोन-चार दिवसांनी पट्ट्या उलटसुलट करून ठेवा. "तीट" छोटी आहे आणि "अंगडं"वर दोन टिंबं आहेत, एवढ्यावरून आधी ओळखतो. ओळखू द्या. "माझ्या"तलं जोडाक्षर त्याला अजून शिकवलेलं नाही, तरी तो शब्द अख्खा वाचतो. सगळी मुळाक्षरं झाल्याशिवाय वाक्य दाखवायचं नाही, हा हट्ट आपला असतो, पोराचा नव्हे.

अक्षरं कधी आणि कुठली

अक्षराच्या आधी आवाज. चार-साडेचार वर्षांच्या मुलाबरोबर स्वयंपाकघरात खेळा: "प"ने काय काय सुरू होतं? पोळपाट, पातेलं, परात, पळी, पंखा. पुढे शब्दांच्या भेंड्या. "कमळ" आलं की "ळ"वरून पंचाईत होते, कारण "ळ"ने सुरू होणारा शब्द मराठीत सापडत नाही. आमच्या घरी "ळ"ला "ल" चालतो. तुमचा नियम तुम्ही ठरवा, भांडण झालं तर उत्तम, दोन्ही बाजू आवाज नीट ऐकतायत असा त्याचा अर्थ.

मग अक्षरं. अ-आ-इ-ई पासून ज्ञ पर्यंत तक्ता भिंतीवर लावून पाठ करून घेण्यात महिने जातात आणि हाती एकही शब्द लागत नाही. बाराखडीचं तसंच. सुरात "क का कि की" म्हणणारं मूल, "कू"वर बोट ठेवलं की परत "क"पासून गाडी सुरू करतं. त्याऐवजी चार-पाच अक्षरांचा गट घ्या, ज्यातून लगेच शब्द होतील. लहान मुलांच्या मराठी वाचनासाठी फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेतून अनेक वर्षं काम केलं, आणि आता कितीतरी शाळांत असे अक्षरगट करूनच शिकवतात. घरी करायला तर ते फारच सोपं आहे.

मी न, क, म, र, घ आणि काना घेते. एवढ्यात किती शब्द होतात बघा: नाक, कान, मान, काम, घाम, घर, घार, रान, मका, काका, मामा, नाना. पुठ्ठ्याचे चौकोन कापून अक्षरं लिहायची, कान्याचा तुकडा वेगळा, आणि मुलाला जुळवू द्यायचं. आमच्या नातीनं यातून जुळवलेलं पहिलं वाक्य होतं, "नाना, घरकाम करा." नानांनी ते वाचलं, मुकाट्यानं उठून ताटं उचलली, आणि त्या दिवसापासून पोरीला पुठ्ठ्याच्या डब्यावाचून चैन पडेना. आपण लिहिलेल्या शब्दानं मोठं माणूस जागचं हलतं, हे कळल्यावर शिकवायला फारसं उरत नाही.

कान्यानंतर मी दुसरी वेलांटी घेते, पहिली नाही. एक तर ती अक्षराच्या पुढे येते, म्हणजे बोलण्याच्या क्रमानं. पहिली वेलांटी आधी दिसते आणि नंतर ऐकू येते, पोरं तिथे गोंधळतात. दुसरं म्हणजे मराठीत शब्दाच्या शेवटी बहुधा दीर्घच असते, त्यामुळे जुन्याच अक्षरांतून काकी, मामी, नानी, मनी असे घरचे शब्द मिळतात. अपवाद "आणि"चा, आणि तोच नेमका प्रत्येक गोष्टीत दहा वेळा येतो. त्याची चिठ्ठी वेगळी करून ठेवायची आणि अख्खा शब्द म्हणूनच ओळखू द्यायचा. मग मात्रा, उकार, पहिली वेलांटी, अनुस्वार. जोडाक्षरं सगळ्यांत शेवटी, आणि तीही वाचता वाचता.

दिसायला सारखी अक्षरं एका आठवड्यात आणू नका. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, थ आणि य. एक पक्कं झालं की दुसरं. मोबाईलवर वाचत असाल तर आणखी एक घोळ होतो: तिथे बहुतेकदा हिंदी वळणाचे ल आणि श दिसतात, पाठ्यपुस्तकात मराठी वळणाचे. मुलाला दोन्ही शेजारी लिहून दाखवा आणि सांगा, हा एकच ल आहे, कपडे वेगळे. "चाक"मधला च आणि "चिमणी"मधला च मात्र समजावत बसू नका. घरात मराठी बोलणारं मूल "चाक" वाचताना एकदा चुकेल आणि आपलं आपण हसून सुधारेल.

अडखळला की

अक्षर-अक्षर लावत वाचणारं मूल "क... म... ळ..." म्हणतं आणि तिथेच थांबतं. तेच जरा भरभर म्हणायला सांगा, शब्द ऐकू येतो. तरी नाही आला तर मनात पाच आकडे मोजा आणि सरळ शब्द सांगून टाका. "हे कालच शिकवलं होतं ना?" हे वाक्य घरातून हद्दपार करा.

प्रत्येक चूक धरायची नसते. "आई म्हणाली"चं "आई बोलली" वाचलं तर पुढे जाऊ द्या, अर्थ त्याला कळलेला आहे. "घोडा पळाला"चं "घडा पळाला" वाचलं तर मात्र विचारा, "घडा पळेल का रे?" तो मागे वळून बघतो आणि काना-मात्रा सापडते. दमला असेल तर एक ओळ तू, एक ओळ मी. आणि पाहुण्यांसमोर "वाचून दाखव बरं काकांना" हे कधीच नाही.

पुस्तकं आणि पुस्तकांबाहेरचं

सुरुवातीला पानावर एक-दोन ओळी, मोठा टाइप आणि बोलकं चित्र, एवढंच बघा. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची मराठी पुस्तकं खिशाला परवडतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत, चार पातळ्यांत विभागलेल्या, उतरवून छापताही येतात. पहिल्या पातळीपासून सुरू करा, मूल कितीही हुशार असलं तरी. बालभारतीचं "किशोर" मासिक 1971 पासून निघतंय, त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात. ते पाच वर्षांच्या मुलाला स्वतः झेपणार नाहीत, पण तुम्ही वाचून दाखवायला त्यात भरपूर आहे. पुस्तकं कपाटाच्या वरच्या खणात ठेवली तर ती तुमची. खिडकीच्या खाली दोरी बांधा, कपड्यांच्या चिमट्यांनी पुस्तकं लटकवा, मुखपृष्ठ बाहेर. फाटतील थोडी, डिंक असतो घरात.

पण घराबाहेर जो मजकूर पडलाय तो विसरू नका. एसटी स्टँडवर थांबलात तर गाड्यांच्या पाट्या वाचा: सातारा, वाई, बारामती, विनाथांबा. ज्या गावाला मामा राहतो त्या गावाची पाटी मूल सगळ्यात आधी ओळखतं. किराणा, पिठाची गिरणी, दवाखाना. घरात डब्यांवर मराठीत चिठ्ठ्या लावा, रवा, साखर, पोहे, आणि फोडणी टाकताना त्यालाच सांगा, हळद दे. वाण्याची यादी त्याच्या हातात द्या, दुकानात त्यानं वाचायची. डब्यात कधीमधी चिठ्ठी ठेवा. "खिशात बघ" एवढीच. खिशात लिमलेटची गोळी.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांचे आईवडील विचारतात, दोन लिप्या एकदम जड नाही का होणार? मी म्हणते, घरी जी भाषा बोलता ती आधी वाचू द्या. देवनागरीत दिसतं तसंच बहुतेक वाचायचं असतं, त्यामुळे मूल लवकर सुटं होतं, आणि अक्षरातून शब्द काढायचं कसब एकदा आलं की ते दुसऱ्या लिपीलाही कामी येतं. घरात मराठी फारशी बोलतच नसाल, तर मात्र अक्षरं थांबवा आणि आधी बोला. परदेशातल्या नातवंडांना आजोबांनी व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवावं. दोन्हीकडे तेच पुस्तक असलं की मुलाचं बोटही ओळीवर फिरतं.

वाचता यायला लागल्यावर

इथे बहुतेक घरं हात झटकतात: आता येतं ना, वाच तुझं तू. तिसरी-चौथीतल्या मुलाला ऐकून जेवढी गोष्ट समजते तेवढी स्वतः वाचून अजून समजत नाही. त्यामुळे मोठ्या, प्रकरणांच्या गोष्टी तुम्हीच वाचा, रोज एक प्रकरण, आणि अगदी रंगात आलं की थांबा. पुढचं पान तो पांघरुणात चोरून वाचेल. त्यानं अर्धवट सोडलेलं पुस्तक "पूर्ण कर" म्हणून मागे लागू नका. आपणही किती सोडतो.

काळजी कधी करायची? सहा-सात वर्षांपर्यंत अक्षर उलटं काढणं, थ-य मध्ये घोटाळणं हे चालायचंच. पण दुसरी संपत आली, रोज सोबत बसून वाचताय, तरी सोपी अक्षरं जुळत नाहीत असं दिसलं, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्यावरचं दिसत नाही हे सांगायचं सुचत नाही अशी मुलं मी वर्गात पाहिली आहेत. दोन्ही ठीक निघालं तर वर्गशिक्षकांशी बोला आणि वाचनाच्या अडचणी तपासणाऱ्या तज्ज्ञांकडे न्या. "मोठा झाला की येईल" म्हणून वर्षं घालवू नका, आणि मारून तर अजिबात येत नाही. त्या सगळ्या दिवसांत रात्रीचं वाचून दाखवणं तेवढं बंद करू नका. त्याला वाचता येत नसेल, पण पुढे काय झालं हे त्यालाही ऐकायचं असतं.