कमी खर्चात काँक्रीटच्या कोब्याला रंगछटा

काँक्रीटच्या कोब्याला रंगछटा देताना खरे कष्ट रंगापेक्षा साफसफाईत पडतात, आणि मजुरी वाचते तीही मुख्यतः तिथेच. नवा कोबा किमान 28 दिवस मुरू द्यावा. जुन्या कोब्यावर ठिकठिकाणी पाण्याचे थेंब टाकून पाहावेत. थेंब काही मिनिटांत जिरून काळसर ओल उमटली, तर रंगही आत शिरेल, पण थेंब वरच बसून राहिला, तर तिथे तेल, मेण किंवा जुना सीलर (पृष्ठभागावर दिलेला संरक्षक लेप) आहे असे समजून तो भाग खरवडावा, डिटर्जंटने घासावा व पुन्हा तपासावा.

स्वस्तातला चांगला पर्याय म्हणजे हिराकस, अर्थात फेरस सल्फेट. त्याचे पाण्यातील द्रावण काँक्रीटमधील चुन्याशी संयोग पावते आणि हवा लागताच हळूहळू पिवळसर ते गंजासारखी तपकिरी छटा धरते. ही छटा पुसून निघत नाही, म्हणून कपाटामागच्या कोपऱ्यात आधी नमुना करून तो पूर्ण वाळल्यावरच प्रमाण ठरवावे. हातमोजे व चष्मा घालून, प्लास्टिकच्या फवारणी पंपाने, ओली कड सुकू न देता आतल्या भिंतीकडून दाराकडे यावे. छटा थोडी कमीजास्त उमटणारच. अगदी एकसारखा रंग हवा असेल, तर फरशीचा साधा पेंटच बरा.

दुसऱ्या दिवशी कोबा पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा आणि सीलरचे दोन पातळ हात द्यावेत, कारण जाड थरात बुडबुडे धरतात. काटकसर इतरत्र करावी, सीलरवर नव्हे.