सोलापुरात राहून झाडबेडकांचा अभ्यास करायचाय?

प्राणिशास्त्रात एम.एस्सी.ला प्रवेश घेतला तेव्हा बेडकांवर काम करायचं तर आंबोलीला नाहीतर कोयनेला जा, असंच सगळे सांगायचे. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार, पाऊस लहरी. इथं कुठले झाडावरचे बेडूक! मीही तेच धरून बसले आणि पहिला पावसाळा वाया घालवला.

मत बदललं ते दक्षिण अमेरिकेतल्या एका पर्णबेडकाबद्दल वाचून. फायलोमेड्युसा सॉव्हॅजिआय. हा राहतो ग्रान चाको या काटेरी झाडाझुडपांच्या रखरखीत मुलखात, अर्जेंटिना-पॅराग्वेकडे. बेडकाची कातडी म्हणजे माठ, सतत पाझरणारा. पण हा कातडीतून मेणासारखा स्राव काढतो आणि चारी पायांनी डोक्यापासून पोटापर्यंत चोळतो, आपण दिवाळीला तेल लावतो तसा. मग दिवसभर फांदीवर निश्चल. इतर बहुतेक झाडबेडूक युरिया टाकतात, हा पक्ष्यांसारखं युरिक आम्ल टाकून पाणी वाचवतो. अंडी घालताना डबक्यावर झुकलेलं पान दुमडून घेतो. पिल्लं बाहेर आली की थेट पाण्यात पडतात.

वाचता वाचता मोहोळकडच्या वस्तीवरचं न्हाणीघर डोळ्यांपुढे आलं. बंबामागच्या ओलसर कोपऱ्यात हातपाय आवळून बसणारा फिकट तपकिरी बेडूक! आज्जी त्याला कुणाला हाकलू द्यायची नाही. तो पॉलिपिडेटीस मॅक्युलेटस, आपला साधा झाडबेडूक. तोही अंगावर स्राव पुसून घेतो, हे 1997 सालच्या एका शोधनिबंधात मिळालं. चाकोतल्या भाऊबंदाइतका त्याचा थर पक्का नसतो, पण युक्ती तीच. दोघांची कुळं वेगळी, खंडं वेगळी, अडचण मात्र एक: पाणी. कोरड्या भागातल्या विद्यार्थ्याला याहून चांगला प्रश्न कुठे मिळणार?

तेव्हा सुरुवात विहीर, हौद आणि मोरीपासून करा. पहिल्या दमदार पावसानंतर रात्री हौदाच्या भिंतीवर, पाण्याच्या वर पांढऱ्या फेसाचा गोळा दिसला तर ते घरटं. रोज त्याच वेळी जाऊन पाहा. वहीत वेळ, तापमान, हवेतला दमटपणा आणि बेडूक जमिनीपासून किती उंचावर होता, एवढं तरी लिहाच. ‘उन्हाळ्यात कुठे लपतो’ ही नोंद सहसा कुणी ठेवत नाही, म्हणून ती मला सगळ्यात मोलाची वाटते. बेडकाचं ओरडणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा.

हात लावू नका. मी एकदा डासांचं मलम लावलेल्या हातानं बेडूक उचलला होता. त्याची कातडी सगळं शोषून घेते हे मला ठाऊक असूनही. तो लगेच तडफडू लागला. पाण्यानं धुऊन सोडला, पण पुढे जगला की नाही कळलं नाही. आजही ते मनातून जात नाही. पकडणं अभ्यासासाठी खरंच गरजेचं असेल तर आधी मार्गदर्शकांमार्फत वनखात्याची परवानगी घ्या. एका तळ्यावरून दुसऱ्यावर जाताना बूट घासून, धुऊन, वाळवून घ्या. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी ओल्या चिखलातून पसरते. आणि रात्री बांधावरून एकट्यानं फिरू नका. गमबूट घाला, घोणस पायाखाली येईपर्यंत दिसत नाही.

संख्याशास्त्र मात्र पहिल्याच सत्रात शिकून घ्या. माझ्या दोन पावसाळ्यांच्या वह्या त्यावाचून नुसत्याच पडून होत्या.