इंग्रजीच्या पदवीचे चीज कसे करावे

बी.ए.ला इंग्रजी हा मुख्य विषय, म्हणजे पूर्वीचे ‘स्पेशल’ आणि नव्या शैक्षणिक धोरणातले ‘मेजर’, घेण्यापूर्वी हेतू तपासून पाहावा. फाडफाड बोलता यावे एवढीच अपेक्षा असेल, तर त्यासाठी तीन वर्षे घालवण्याचे कारण नाही. अवघड मजकूर सावकाश वाचणे, त्यावर स्वतःचे मत बनवणे आणि ते मजकुरातल्या पुराव्यानिशी मांडणे ही या अभ्यासाची खरी कमाई आहे, आणि ती केवळ तासांना बसून पदरात पडत नाही.

मूळ पुस्तक वाचून होईपर्यंत गाइडला हात लावू नये. अपेक्षित प्रश्नसंच पाठ करूनही गुण मिळतात हे खरे. मात्र अशा गुणांची पंचाईत पहिल्याच मुलाखतीत होते.

वाचनाची सवय कवितेपासून लावावी. शेक्सपिअरचे एखादे सुनीत, म्हणजे सॉनेट, घेऊन त्याच्या 14 ओळी वहीत उतरवाव्यात आणि प्रत्येक वाक्यातील क्रियापदाखाली रेघ मारावी, कारण पद्यात शब्दांचा क्रम उलटसुलट झालेला असतो आणि कर्ता कोण हे न कळताच आपण अर्थ लावू लागतो. कर्ता सापडला की सरळ मराठी गद्यात अर्थ लिहावा. त्यानंतर पहिल्या 12 ओळींतला विचार अखेरच्या दोन ओळींत पक्का होतो की उलटतो, हे पाहून इंग्रजीत छोटे टिपण करावे आणि ते शिक्षकांकडून तपासून घ्यावे. न विचारता लिहून आणणारा विद्यार्थी बहुतेक शिक्षकांना आवडतोच.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी मराठी बाजूला सारू नये. ज्ञानपीठ मिळालेले विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे हे दोघेही इंग्रजीचे प्राध्यापक होते. विंदांनी मराठीत आणलेले शेक्सपिअरचे नाटक ‘राजा लिअर’ ग्रंथालयात मिळाल्यास त्यातला एक प्रवेश मूळ संहितेशेजारी ठेवून वाचावा. जिथे भाषांतरकाराला वाट बदलावी लागली आहे, तिथे मूळ वाक्याचे मर्म हमखास सापडते.

पुढचा मार्ग दुसऱ्याच वर्षी ठरवावा. शाळेत शिकवायचे असेल तर बी.एड. करावे लागते. महाविद्यालयासाठी एम.ए.ला किमान 55 टक्के गुण, राखीव प्रवर्गांना 50 टक्के, आणि त्याबरोबर नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्यस्तरीय) ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा हा रूढ मार्ग आहे. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. तथापि पात्रता मिळवूनही अनेकांना वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, राबावे लागते, हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवावे. म्हणून भाषांतर, संपादन किंवा मजकूरलेखनाची दुसरी वाट तयार ठेवावी आणि त्यासाठी तिसऱ्या वर्षी सुमारे 500 शब्दांची चार-पाच भाषांतरे मूळ मजकुरासह जपून ठेवावीत, कारण असे काम देणारा बहुधा गुणपत्रिकेआधी नमुना मागतो.